दंड दाबून पाहणारी

ती मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी तिला चांगलं म्हटलं तर ते नाइलाजाने म्हटलंय असं समजा.

आम्ही दोघी वृद्धाश्रमात आया होतो. हैदराबादेत, दिलसुखनगरच्या पलीकडे. तेव्हा दिलसुखनगरच्या रस्त्यावर एकेका इमारतीला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासच्या पाच-पाच पाट्या लागलेल्या होत्या. पोरं तिथे शिकत, अमेरिकेला जात आणि त्यांचे आईबाप आमच्याकडे येत. मालकीण डॉक्टर होत्या. "आश्रम म्हणू नका, होम म्हणा," असं त्यांनी सांगितलं होतं. आम्ही होम म्हणायचो. दोन मजले, म्हाताऱ्यांच्या खोल्या वर, अठरा म्हातारे, सहा आया, एक केरळची नर्स आणि एक स्वैपाकी. मी गौलीगुड्याहून दोन बस बदलून जायची.

ती माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. हे मी तिला पुष्कळदा ऐकवलं. ती म्हणायची, "मग काय करू? पाया पडू तुझ्या?"

लहानखुरी होती, सुपारीसारखी टणक. सुलतान बाजारात राहायची. आधी वीस वर्षं एका बाळंतिणींच्या दवाखान्यात आया होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, म्हाताऱ्यांचं काम जमेल का? तर म्हणाली, "जमेल की. वीस वर्षं येणाऱ्यांना घेतलं, आता जाणाऱ्यांना पोचवते. सामान तेच, दुपटी आणि गरम पाणी." डॉक्टरीणबाई हसल्या आणि तिला ठेवून घेतलं. मला ठेवताना माझी तीन दिवस परीक्षा घेतली होती.

पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर हातातल्या बांगड्या काढल्या आणि रुमालात बांधल्या. मंगळसूत्र गळ्यावरून फिरवून पाठीवर टाकलं. नवरा धडधाकट जिवंत. आमच्यातली एक आया म्हणाली, "अगं, अपशकुन करतेस का?" ती म्हणाली, "म्हाताऱ्यांची कातडी म्हणजे कांद्याचं साल. बांगडी लागली की सोलून येतं. माझा नवरा बांगडीने जगत नाही, भाताने जगतो." तिच्याजवळ एक पुरुषी घड्याळ होतं, तेही ती मनगटावर न बांधता वर दंडाला बांधायची. वेळ बघायची झाली की कोपर वर करून बघायची, जणू काखेत काहीतरी चावतंय. संध्याकाळी घरी जाताना मंगळसूत्र पुढे घ्यायची, बांगड्या भरायची, कुंकू नीट करायची आणि मग फाटकातून बाहेर पडायची.

वर्षभरात आम्ही सगळ्या बांगड्या काढून काम करायला लागलो. मीही. तिच्यामुळे नव्हे, डॉक्टरीणबाईंनी नियम केला म्हणून. पण डॉक्टरीणबाईंना तो कुठून सुचला हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती कुणाला नावाने हाक मारत नसे. कामाच्या माणसांना त्यांच्या वस्तीच्या नावाने. मी गौलीगुडा. थोरली आया काचीगुडा. नर्स पोरगीला नुसतं केरळ. म्हाताऱ्यांना मात्र तिने आपल्या मनाची नावं ठेवली होती. दोन नंबरच्या खोलीत एक निवृत्त न्यायाधीश होते. सगळे त्यांना जजसाहेब म्हणत, मुलगासुद्धा. ही त्यांना मुजरिम म्हणायची. "मुजरिम, तोंड उघडा. गोळी आहे." आणि ते उघडायचे. आम्ही हात जोडून तासभर मिनतवाऱ्या केल्या तरी दात न उघडणारे. एकदा ते म्हणाले, "आज माझा गुन्हा काय?" ती म्हणाली, "काल खिचडी खाल्ली नाही. सजा म्हणून आज दोन वाट्या." त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

सकाळी आली की प्रत्येक खोलीत जाऊन म्हाताऱ्यांच्या कपाळाशी वाकून वास घ्यायची. मांजरी पिलाचा घेते तसा. मग खाली येऊन नर्सला सांगायची, "केरळ, सात नंबरला थर्मामीटर लाव." ताप निघायचाच. दहातून दोन वेळा नाही निघायचा, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. माझ्या राहायचं.

वास झाला की भांडण. रोज सकाळी प्रत्येकाशी एक भांडण ती ठरवून उकरून काढायची. चादर वाकडी का केली, दात कुठे ठेवले, पाणी का सांडलं. मी एकदा विचारलं, कशाला सकाळी सकाळी त्या जिवांना छळतेस? म्हणाली, "म्हातारं माणूस उलटून बोललं म्हणजे आत दिवा आहे. गप बसलं की समजायचं, वात संपली."

मला हे पटत नव्हतं. मी म्हाताऱ्यांशी गोड बोलायची. गोड बोलूनही माझ्याकडे कुणी मागणी करत नसे. सगळ्यांना तीच पाहिजे.

सगळ्यांचं मी सहन केलं असतं. पाच नंबरच्या बाईंचं नाही.

बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शहरातलं जुनं मराठी घराणं, वडील सरकारी नोकरीत, भाऊ वकील. लवकर विधवा झाल्या, एकट्या हाताने मुलगा वाढवला, तो अमेरिकेला गेला. त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. मराठी पेपर आमच्याकडे एक दिवस शिळा होऊन यायचा. दुपारी जेवणं झाली की मी तो त्यांना वाचून दाखवायची. माझी शाळा चौथीपर्यंत. सुरुवातीला मी अडखळायची. त्या म्हणायच्या, "थांब. तिथे स्वल्पविराम आहे ना? मग श्वास घे. पेपर पळून जात नाही." दोन वर्षांत मी अग्रलेखसुद्धा न अडखळता वाचायला लागले. सगळा कळायचा नाही, पण वाचायची. त्या मध्येच थांबवून समजावून सांगायच्या. बाहेरच्या कंपन्या आता देशात येणार, म्हणजे काय होणार, हे मला त्यांनी सांगितलं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय करायचंय?"

माझी सहा बाळंतपणं, नवरा, सासू, चूल हे सगळं धरून, मी बोलते आहे आणि समोरचं माणूस ऐकतं आहे असा तास माझ्या आयुष्यात तोच एक. म्हणून तो मी जिवापाड जपला.

तर ही आली. पहिल्याच आठवड्यात हिने बाईंशी आंघोळीवरून भांडण काढलं. बाई म्हणाल्या, "मी माझी आंघोळ माझ्या वेळेला करते." ही म्हणाली, "शाळा सुटली बाई. आता घंटा माझी." मला वाटलं, आता बाई हिला उभी चिरतील. बाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. चाळीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं, आणि त्यांना ते आवडलं.

त्यानंतर मी पेपर वाचत असताना बाई मध्येच विचारायच्या, "ती कुठे आहे गं?" मी म्हणायची, खाली आहे, काम आहे तिला. वरच्या मजल्यावर असली तरी.

एकदा बाई मला म्हणाल्या, "तू फार चांगली आहेस." आणि तिच्याबद्दल म्हणाल्या, "ती मोठी अवली आहे." चांगली म्हणजे काय ते मला कळतं. ज्या भाजीला चांगली झाली म्हणतात ती पानात उरते. जी पुन्हा मागून घेतात तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

मी तिच्यावर जळत होते. दुसरा शब्द नाही. तिचा चहाचा पेला मी एकदा फडताळामागे टाकला. चार दिवस ती वाटीतून चहा प्यायली आणि म्हणाली, वाटीतला चहा लवकर निवतो, बरं पडतं. पाचव्या दिवशी काचीगुडा आणि स्वैपाकीही वाटीतून पीत होते. मी पेला काढून परत जागेवर ठेवला.

सुयांची गोष्ट त्यानंतरची.

बाईंच्या मुलाचा दर रविवारी फोन यायचा. एका रविवारी तो डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ बोलला. तिकडे अमेरिकेत असल्या घरांमध्ये थंडीच्या आधी फ्लूची सुई देतात, म्हाताऱ्यांना तर देतातच, पण तिथे काम करणाऱ्यांनाही देतात. आपल्याकडेही ही सुई आता मिळायला लागली आहे, सगळ्यांना द्या, खर्च मी करतो, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्यांनी निमूट घेतली. त्यांना रोज काही ना काही टोचलेलंच असायचं. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जेवणघरात बोलावलं, समजावून सांगितलं आणि त्या निघून गेल्या. नर्स ट्रे घेऊन उभी. कुणी पुढे होईना.

स्वैपाकी म्हणाला, "डोकं म्हाताऱ्यांचं दुखतं आणि बाम माझ्या कपाळाला? त्यांना दिली ना? बस झालं."

एक आया म्हणाली, "तिकडे उरलेली औषधं असतील. आपल्या अंगावर खपवतात."

दुसरी म्हणाली, "सुई घेतली की ताप येतो म्हणे. अंगात नसलेला ताप कशाला विकत घ्यायचा?"

काचीगुडा तर भिंतीला टेकूनच उभी होती. "मला माहीत आहेत या सुया," म्हणाली. "नसबंदीच्या दिवसांत पण असंच गोड बोलून नेत होते."

ती म्हणाली, "काचीगुडा, तुझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली. तुझं आता काय बंद करणार? तोंड? त्याची सुई अजून निघाली नाही."

सगळे हसले. मीही हसले असते, पण तिच्या बोलण्यावर हसायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. मी म्हटलं, "मला देवाने अंग दिलंय. आजवर तापाने एक दिवस निजले नाही."

"तुझं अंग तुझ्यापाशी," ती म्हणाली. "मी म्हाताऱ्यांचं विचारते. आपले अठरा म्हातारे फाटकाबाहेर जातात का?"

"नाही."

"मग रोग आत कोण आणतं? कावळा? आपणच आणतो. बसमधून आणतो, बाजारातून आणतो, नवऱ्याच्या अंथरुणातून आणतो. वहाणा बाहेर काढतो आणि रोग घालून आत येतो." मग घड्याळ खाली सरकवलं आणि दंड पुढे केला. "टोच, केरळ. आणि हल्लू नको. भीत भीत टोचणारा जास्त दुखवतो."

सुई आत जाताना तिने बघितलं. आम्ही सगळे तोंड फिरवतो. ही बघत होती, भाकरी फुगते का बघावं तशी. मग पट्टी चिकटवून घेतली आणि म्हणाली, "ज्याने घेतली नाही त्याने वरच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही."

मी म्हटलं, "वरचा मजला तुझ्या बापाचा?"

"बाप माझा हमाल होता. मजला म्हाताऱ्यांचा आहे."

आणि रांग लागली. स्वैपाकी पहिला. काचीगुडा देवाचं नाव घेत घेत तिसरी. जे डॉक्टरीणबाईंना साधलं नाही ते हिने दोन वाक्यांत केलं. मी रांगेत शेवटी उभी राहिले. माझी पाळी येता येता वरून घंटी वाजली, कुणाला तरी उलटी झाली होती. नर्स धावली. बाकीचे दंड चोळत कामाला गेले. ट्रे टेबलावर होता. त्यात त्या गोल, खाकी पट्ट्या. मी एक उचलली आणि दंडावर चिकटवली.

नर्स परत आली तेव्हा तिला आठवेना कुणाला टोचलं, कुणाला राहिलं. तिने सगळ्यांचे दंड बघितले आणि पट्टी दिसेल त्याच्या नावापुढे खूण केली. माझ्याही नावापुढे केली.

मी सुईला भीत नव्हते. सहा पोरं काढलेली बाई सुईला भीत नाही. नसबंदी, अमेरिका, असलंही काही माझ्या डोक्यात नव्हतं. ती म्हणाली म्हणून मी घेतली नाही. एवढंच कारण. आज लिहिताना मला ते लहान पोरीसारखं वाटतं, पण तेव्हा संध्याकाळी बसमध्ये बसले तर मी जिंकल्यासारखी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहून येईल त्याचा दंड दाबत होती. तिची हीही एक तऱ्हा समजून लोक हसत होते. स्वैपाकी ओरडला, "अय्यो!" काचीगुडाने शिवी दिली. दुसऱ्या दोघी कळवळल्या. मग मी आले. तिने पट्टीवरच अंगठा दाबला. मी ओरडले नाही. ओरडायचं असतं हे मला कुठे माहीत? तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "गौलीगुडा, तुझं कातडं जाड आहे." आणि गेली. मला ती तारीफ वाटली. इतकी हौली, खुळी मी.

त्या दिवसापासून माझी कामं बदलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मला खालच्या मजल्यावर घातलं. म्हणाल्या, तुझे गुडघे दुखतात ना, ती सांगत होती. माझे गुडघे दुखत नव्हते. बाईंची आंघोळ तिच्याकडे, जेवण तिच्याकडे. माझ्याकडे दुपारचा तास राहिला, पण तोही धड नाही. माझी खुर्ची तिने पलंगाजवळून उचलून दाराजवळच्या खिडकीशी नेली. "बाईंना आवाज लांबून चांगला येतो," म्हणाली. कधी गेले तर म्हणायची, झोपल्यात, उद्या ये. रोज सकाळी फाटकात मला अडवून विचारायची, "घरी कोण खोकतंय का?" दुसऱ्या कुणाला विचारत नसे. मला वाटायचं, माझ्या घरात कुणीतरी आजारी पडावं याची वाट बघते आहे.

ती बाईंना माझ्यापासून तोडते आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ते खरंच होतं.

संक्रांतीनंतर नवऱ्याला खोकला झाला. मी तिला सांगितलं नाही. पाच दिवसांनी माझं अंग मोडून आलं. त्याच्या आदल्या दिवशी बाई मला म्हणाल्या होत्या, "उद्या तिची सुटी आहे ना? तू ये लवकर. तो अग्रलेख अर्धा राहिलाय." कितीतरी आठवड्यांनी त्यांनी माझी मागणी केली होती. तापाने निजायचं म्हणजे तोही दिवस घालवायचा. मी तोंडात लवंग धरली आणि बसमध्ये बसले.

दिवसभर मी वरच्या मजल्यावर होते. कुणी हटकलं नाही, माझ्या नावापुढे खूण होती. दुपारी खुर्ची उचलून पलंगाला लावली. घसा बसला होता, लांबून बाईंना ऐकूच आलं नसतं. अग्रलेख वाचला, पत्रं वाचली, छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. मध्ये मध्ये पदरात खोकले. बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुझा हात गरम लागतो गं."

मी म्हटलं, "उन्हातून आलेय."

तिसऱ्या दिवशी बाईंना ताप भरला. दुपारपर्यंत श्वास लागला. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजनचं सिलिंडर मागवलं. माझ्यामुळेच झालं असं कुणी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. त्या आठवड्यात भाजीवाला शिंकत होता, भेटायला येणारे शिंकत होते. पण बाईंच्या तोंडाशी तोंड नेऊन दोन तास वाचणारी मीच होते. मला डॉक्टरची गरज नाही.

मी मागच्या अंगणात चादरी भिजवत होते. ती वरून आली. माझ्या कपाळाशी वाकली आणि वास घेतला. मग माझा दंड धरला.

"सुई घेतली होतीस?"

"घेतली."

"मला सांगू नको. त्या दिवशी सगळ्यांच्या दंडाला गाठ होती. तुझा दंड लोण्यासारखा मऊ. तेव्हाच कळलं मला."

मी चादर टाकली. "कळलं होतं तर डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुला त्याच दिवशी काढलं असतं. मग बाईंना पेपर कोण वाचणार? मी? मला तर बसची पाटी वाचता येत नाही." ती पायरीवर बसली. तिला बसलेली मी प्रथमच बघत होते. ती जेवायची पण उभ्याने. "वाटलं, तुला खाली ठेवते, खिडकीशी बसवते, फाटकात विचारते, थंडी निघून जाईल. वाटलं, मी पुरी पडेन. सुटीच्या दिवसाचं डोक्यातच आलं नाही."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मी दोन शब्द उलट बोलले असते आणि बरं वाटलं असतं. 

"घरी जा," म्हणाली. "खोकला पुरता जाईपर्यंत फाटकात दिसलीस तर पाय मोडीन."

मी म्हटलं, "तुला हेच पाहिजे होतं. बाई एकटीला पाहिजे होत्या."

"पाहिजे होत्याच," ती उठत म्हणाली. "पण जिवंत."

चौदा दिवस मी घरी होते. गल्लीच्या तोंडाशी फोनचं दुकान होतं. रोज सकाळी तिथून होमला फोन करायची. तीच उचलायची. माझा आवाज ऐकला की एक शब्द बोलून ठेवून द्यायची. "खात नाहीत." "तसंच." "अर्धी वाटी." मी देवाला नवस बोलले नाही. लबाडी मी केली, त्याच्यात देवाला कशाला ओढायचं? दहाव्या दिवशी ती म्हणाली, "भांडल्या," आणि फोन ठेवला. मी दुकानातल्या स्टुलावर बसले. दुकानदार म्हणाला, "अम्मा, पाणी देऊ?"

बाईंनी स्वतः सुई घेतली होती म्हणून निभावलं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. त्या वयात सुई अर्धीच लागू पडते, पण ती अर्धी कामाला आली. आणि बाकीचं अर्धं तिने केलं, हेही म्हणाल्या. ते त्यांनी नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

तिने माझं नाव कुणालाही सांगितलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. तिने चहाडी केली असती तर आम्ही दोघी एका पातळीवर आलो असतो.

होम पुढे बंद पडलं. ती कुठे गेली मला माहीत नाही. सुलतान बाजारात मी तिला शोधलं नाही. आता मी स्वतः त्या म्हाताऱ्यांच्या वयाची आहे. दर वर्षी सुनेबरोबर जाते आणि दंड पुढे करते. आधी सुनेला टोचून घ्यायला लावते. ती कुरकुरते. मी ऐकत नाही.

त्या चौदा दिवसांनंतर, पंधराव्या दिवशी मी कामावर गेले. फाटकात तिने नाक लावून बघितलं आणि बाजूला झाली. दुपारी भांडी आवरून मी वर गेले. बाईंच्या खोलीतून वाचण्याचा आवाज येत होता.

मी दारात उभी राहिले. ती पलंगाजवळ उभी होती, दोन्ही हातांत पेपर धरून. पेपर उलटा होता. 

"सुलतान बाजार," ती ठणठणीत वाचत होती. "काल दुपारी एक म्हैस सोन्याच्या दुकानात शिरली. मालक म्हणाला, काय दाखवू? म्हैस म्हणाली, पाटल्या. पायात बसतील अशा."

"किती जोड?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं. आवाज पार बारीक झाला होता.

"चार पाय, म्हणजे दोन जोड. तुम्ही हिशेब शिकवत होता की नव्हता?"

बाई हसल्या. हसताना श्वास लागत होता, तरी हसत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, हिला वाचता येत नाही हेसुद्धा. इतकी वर्षं मी स्वल्पविरामावर श्वास घेऊन वाचलं, पण त्या माझ्या वाचण्याला कधी अशा हसल्या नाहीत. मी दाराची चौकट धरून उभी होते. वाईट वाटायला पाहिजे होतं, बाई वाचल्या म्हणून बरंही वाटायला पाहिजे होतं. मला फक्त तिच्या हातातला पेपर हिसकावून घ्यावासा वाटत होता.

तिने मला बघितलं. पेपरचं पान उलटलं.

"दुसरी बातमी. शहरातल्या एका घरात एका आयेने सुई न टोचता दंडाला पट्टी लावली. तापाने फणफणत कामावर आली. त्या घरातलं एक माणूस मरता मरता राहिलं."

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी डोळे उघडले, जरी दिसत नव्हतं. "नाव काय त्या आयेचं?"

"नाव छापलं नाही," ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती, पेपरकडेच बघत होती. मला निघून जाता आलं असतं. मी वहाणा घातलेल्या नव्हत्या, पावलांचा आवाज झाला नसता. बाईंना मी आले होते हे कळलंही नसतं.

मी म्हटलं, "बाई, ती मी."

बाईंनी मान आवाजाकडे वळवली. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा. मग मान परत उशीवर सरळ केली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरं. पुढे वाच."

मी दोन पावलं आत गेले आणि पेपर घ्यायला हात पुढे केला. पण ते मला म्हटलेलं नव्हतं.